माशाच्या नावावर एक थेंब नाही

कोपरगावात गोदावरीचं पाणी कुणाकुणाच्या नावावर आहे, हे तालुक्यातलं शाळकरी पोरही बिनचूक सांगेल. दारणा आणि गंगापूर धरणांचं पाणी नांदूर मधमेश्वरला येतं. तिथून डावा कालवा आणि उजवा कालवा निघतात. कालव्याचं पाणी उसाला, गव्हाला, कांद्याला, कारखान्यांना आणि शहराच्या साठवण तलावांना. पात्रातून जे खाली जातं ते जायकवाडीचं, म्हणजे मराठवाड्याचं. प्रत्येकाचा कोटा ठरलेला, प्रत्येकाचा पुढारी ठरलेला, प्रत्येकाचा मोर्चा ठरलेला. नदीतच जन्मून नदीतच मरणारा मासा या यादीत कुठेही नाही.

चैत्र लागला की हे डोळ्यांत खुपतं. उन्हाळी आवर्तन सुटतं तेव्हा कालवा दुथडी वाहतो आणि नदी कोरडी पडलेली असते. पुलावर उभं राहून खाली पाहा. बंधाऱ्याच्या वर थोडा फुगवटा, त्यावर जलपर्णीची हिरवी गादी. बंधाऱ्याखाली उघडा खडक, वाळू उपसून झालेले खड्डे, आणि मधूनमधून डबकी. त्या डबक्यांत जो काही मासा उरलाय, तो पावसाची वाट बघत दिवस काढतोय. आपण त्याच पुलावरून शिर्डीला जातो, नगरला जातो, मनमाडला जातो. खाली बघत नाही.

याच दिवसांत आपल्याकडची कितीतरी कुटुंबं कुलू-मनालीला निघतात. जाताना बंजारच्या खोऱ्यात वळलात तर तीर्थन नदी लागते. लार्जीजवळ ती बियास नदीला मिळते. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट मासा धरायला बंदी असते, कारण तो त्याच्या विणीचा काळ. 1 मार्चला बंदी उठते आणि वसंतात तीर्थनच्या काठी गळवाल्यांची वर्दळ सुरू होते. हातात सरकारी परवाना, दिवसाला किती मासे ठेवायचे याची मर्यादा, आणि केवढ्यापेक्षा लहान असेल तर पाण्यात परत सोडायचा याचं माप.

त्यातले जे कसलेले असतात ते 'ड्राय फ्लाय' वापरतात. ही कला काय आहे ते नीट सांगतो, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे.

या गळाला गांडूळ नसतं, कणकेची गोळी नसते. गव्हाच्या दाण्याएवढा हूक असतो. त्याला रेशमी दोरा गुंडाळतात, आणि कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस त्याच्याभोवती असं फिरवतात की त्याचे तंतू चहूबाजूंनी उभे राहतात. त्या तंतूंच्या टोकांवर ही खोटी माशी पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगते, बुडत नाही. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर उभा असतो आणि वरून वाहत येणारं भक्ष्य टिपतो. म्हणून गळवाला त्याच्या मागच्या बाजूने, म्हणजे खालून वर येतो आणि दोर वरच्या अंगाला फेकतो. माशी प्रवाहाच्याच वेगाने, मोकळी वाहत खाली आली पाहिजे. दोराला ताण बसून ती पाण्यावर जराशी जरी घसरली, तरी मासा तोंड फिरवतो. वासाची भूल इथे चालत नाही. मासा बघून ठरवतो, आणि त्याची नजर पक्की असते.

फेकण्याआधीचं काम त्याहून मोठं. गळवाला काठावर बसून आधी पाणी वाचतो. आज कोणता कीटक पाण्यातून वर येतोय? मेफ्लाय नावाचा एक नाजूक कीटक आहे. त्याचं पिल्लू दगडाखाली, वाहत्या पाण्यात कितीतरी महिने राहतं, काही जातींत वर्षभराहून जास्त. मग एका दिवशी पृष्ठभागावर येतं, कात टाकतं, पंख फुटतात. पंख फुटल्यावर तो काही खात नाही. खाण्यासाठी त्याचं तोंडच कामाचं नसतं. जोडी जमवायची, पाण्यावर अंडी घालायची आणि दिवसा-दोन दिवसांत मरायचं. वसंतात हे कीटक एकाच वेळी लाखोंनी वर येतात आणि ट्राउट वेड्यासारखा पृष्ठभागावर झेपावतो. हूकावरची माशी त्या दिवशीच्या कीटकाच्या आकाराची आणि रंगाची असेल तरच मासा लागतो.

आता यातली मोलाची गोष्ट बघा. हे कीटक गढूळ, कुजक्या, कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरत नाहीत. नदी बिघडली की सगळ्यात आधी तेच जातात, मासे नंतर. नदीची तब्येत तपासणारे जीवशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जाण्याआधी दगड उलटून खालच्या बाजूला हेच कीटक मोजतात. म्हणजे ड्राय फ्लाय घेऊन काठावर बसणारा माणूस रोज, न सांगता, नदीची तपासणी करत असतो. कीटक आले नाहीत तर त्याला पहिल्यांदा कळतं, आणि तो गप्प बसत नाही, कारण त्याचा हंगाम बुडालेला असतो.

इंग्लंडच्या दक्षिणेला टेस्ट नदीवर फ्रेडरिक हाल्फर्ड या गृहस्थाने 1886 मध्ये तरंगत्या माश्या कशा बांधाव्यात यावर पुस्तक लिहिलं आणि या पद्धतीची शिस्त घालून दिली. 1910 मध्ये स्क्यूज नावाच्या वकिलाने त्याला आव्हान दिलं: मासा पृष्ठभागाखालचं पिल्लू खात असेल, तर माशी बुडवली म्हणून बिघडलं काय? यावर इतका कलह माजला की 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात रीतसर वादसभा भरली. खोटी माशी तरंगावी की बुडावी, एवढ्यावर एक पिढी भांडली. मला त्या भांडणाचा हेवा वाटतो. ज्या नदीत मासा आहे, तिच्याच काठी असं भांडण होऊ शकतं.

आणि तीर्थनचं काय झालं तेही ऐका. या नदीवर छोट्या जलविद्युत प्रकल्पांचे प्रस्ताव आले. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातली गावं विरोधात उभी राहिली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि तीर्थन प्रकल्पांपासून मोकळी राहिली. नदी का सोडायची, तर तिच्यात ट्राउट आहे, हे कारण उघडपणे मांडलं गेलं. आमदार राहिलेल्या माणसाने माशासाठी भांडावं आणि ते गावाला आपलं भांडण वाटावं, हे आपल्याकडे एकदा तरी घडलंय का?

कुणी म्हणेल, मग काय गोदावरीत ट्राउट सोडायचा? मुळीच नाही. ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की जबाबदार गळवाले स्वतःहून दोर गुंडाळतात, कारण त्या पाण्यात धरून सोडलेला मासाही वाचत नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात उथळ डबकं 30 अंशांच्या घरात जातं. शिवाय ट्राउट आपल्या देशाचाही नव्हे. 1899 मध्ये विलायतेतून काश्मीरला निघालेली त्याची अंडी वाटेत मेली, 1900 मध्ये आलेली जगली, तिथून त्याचं इथलं आयुष्य सुरू होतं. नीलगिरीत त्याआधी कित्येक प्रयत्न फसले होते. परका मासा आणून सोडणं हा नदीवर उपकार नसतो. चिलापी 1952 मध्ये देशात आणला, आज कितीतरी तळ्यांत तोच दिसतो. आफ्रिकन मांगूरवर केंद्राने 2000 मध्ये बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो, पुरात तळी फुटली की नदीत येतो आणि दिसेल ते खातो.

आपल्याच महाराष्ट्रातला धडा याहून बोलका आहे. 1970 च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने वळवणच्या तलावाकाठी महाशीरचं बीज तयार करायला सुरुवात केली. आपला दख्खनी महाशीर, म्हणजे खडस, तेव्हा नद्यांतून नाहीसा होत चालला होता. काम मोलाचं होतं, आणि ते चिकाटीने दशकानुदशकं चाललं. पण तिथलं बीज दूरवरच्या नद्यांतही गेलं. कावेरीत गेलं, तिथे फोफावलं, आणि कावेरीचा स्वतःचा पाठीवर कुबड असलेला महाशीर मागे रेटला गेला. 2018 मध्ये त्या कुबडवाल्याची नोंद नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या जातींत झाली. चांगल्या हेतूने केलेल्या कामातही कोणता मासा कोणत्या नदीचा, हे विचारावंच लागतं.

म्हणून पुढच्या वेळी घाटावर मांडव घालून, हार घालून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम होईल, तेव्हा तिथे जमलेल्यांनी दोन प्रश्न विचारावेत. हे बीज कोणत्या जातीचं? आणि मे महिन्यात हे मासे कोणत्या पाण्यात राहणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पिशव्या परत न्याव्यात.

गळ टाकणं हा साहेबांचा शौक, आपल्याला त्याचं काय, असाही सूर लागतो. तो अडाणीपणाचा आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, 1130 च्या आसपास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाने कोणकोणत्या विनोदात मन रमवावं ते सांगताना त्यात मत्स्यविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. गळ, काठी आणि दोर कसा असावा, कोणत्या जातीच्या माशाला कोणतं आमिष लागतं, आधी काही दिवस ठरावीक जागी चारा टाकून मासे कसे जमवावेत, हे सगळं त्यात आहे. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, समुद्राचे आणि नदीचे अशी माशांची वर्गवारीही आहे. 1951 मध्ये सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाल्फर्डच्या साडेसातशे वर्षं आधी दख्खनमध्ये माणसं माशाची आवडनिवड लिहून ठेवत होती.

कंपनी सरकारच्या चाकरीतला साइक्स नावाचा लष्करी अधिकारी दख्खनभर फिरला आणि 1839 मध्ये त्याने इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. खडस त्याने पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवला. अनेक माशांना त्याने इथल्या मासेमारांनी सांगितलेलीच नावं दिली आणि ती आजही जगभरच्या शास्त्रात चालतात. माहिती भोयांची आणि कोळ्यांची होती. त्यांचं नाव मात्र त्या ग्रंथावर नाही.

ती माहिती आजही नदीकाठी आहे. संध्याकाळी कोपरगावच्या बेटाच्या बाजूला जा. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंग आणि कणकेची गोळी घेऊन पोरं बसलेली असतात. त्यांतल्या एखाद्याला विचारा. वाम कुठल्या दगडाखाली असते, मरळ पिल्लांचा थवा घेऊन काठाकाठाने कशी हिंडते, शिंगटा रात्री का लागतो, हे तो सांगेल. फक्त तो असंही सांगेल की आजोबा सांगायचे ते निम्मे मासे त्याने पाहिलेले नाहीत.

ते का नाहीत, याची कारणं गूढ नाहीत.

पहिलं कारण पाण्यातला प्राणवायू. 10 अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात साधारण 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. म्हणजे चैत्रात स्वच्छ पाण्यातसुद्धा प्राणवायू आधीच कमी. त्यात नाल्याचं सांडपाणी आणि मळीसारखं काही मिसळलं, की ते कुजवणारे जिवाणू उरलेला प्राणवायू खातात. रात्री शेवाळही प्राणवायू घेतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात खाली जातो. पहाटे फिरायला जाणाऱ्यांना मासे पाण्यावर तोंड काढून उघडझाप करताना दिसतात ते याचमुळे. दुपारी ते उलटे तरंगतात, संध्याकाळी वास सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी 'अज्ञात कारणाने मासे मृत' अशी बातमी येते. कारण अज्ञात नसतं. माणसाने आंघोळ करावी एवढ्या स्वच्छतेसाठीही नदीच्या एका लिटरात किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं आपल्याच देशाचं मानक सांगतं. घाटावर हा आकडा रोज फळ्यावर लिहायला एक माणूस आणि एक छोटं यंत्र पुरे.

दुसरं कारण वाळू. वाळू आणि गोटे हे माशाचं बाळंतघर. कित्येक जातींची अंडी तळाच्या गोट्यांमधून वाहत्या पाण्यात सुरक्षित राहतात आणि कीटकांची पिल्लं तिथेच वाढतात. रात्री ट्रॅक्टर उतरतो आणि सकाळी तिथे चिखलाचा खड्डा असतो. वाळूचोरीची चर्चा महसूल बुडाला म्हणून होते. त्या वाळूबरोबर नदीची पुढची पिढी गेली, असं पंचनाम्यात कुणी लिहीत नाही.

तिसरं कारण आपणच, आणि हे सांगताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. पहिल्या पावसाचं लाल पाणी आलं की मासे खालून वर निघतात. जायकवाडीच्या नाथसागरापासून वरच्या अंगाला, प्रवाहाविरुद्ध, पोटात अंडी घेऊन. चढणीचे मासे. त्या सुमाराला हिंगणी, मंजूरसारख्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढलेल्या असतात, दारं मोकळी असतात, म्हणून वर्षातून एकदाच त्यांना वाट मिळते. आणि नेमक्या त्या दारांशी जाळी लागतात. एका रात्रीत टोपल्या भरतात. बाजारात 'गाबोळीचा मासा' म्हणून भाव जास्त मिळतो. अंड्यांसकट एक मासा खाल्ला की आपण किती हजार मासे खाल्ले, याचा हिशेब घरात कुणी करत नाही. काही ठिकाणी तर पावडर टाकून, करंट लावून, जिलेटिन फोडून मासे मारतात. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं हा 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. सव्वाशे वर्षं झाली.

अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक पौर्णिमांना आणि त्यांच्या आगेमागच्या दिवसांत मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, अशी आज्ञा कोरून ठेवली. समुद्रासाठी आपल्या राज्यात आजही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते आणि कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होडी लोटतो. गोड्या पाण्याचा मासा नेमका याच दिवसांत वितो. आपण नदीकाठच्या लोकांनी श्रावणात मासा न खाण्याचा नेम धरला, पण आषाढातली चढण मारून खाल्ली.

आता पाण्याचं बोलू. 2005 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. त्यातलं समन्यायी पाणीवाटपाचं कलम नगर-नाशिकच्या प्रत्येक पुढाऱ्याला पाठ आहे. 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्के भरलं का, नसेल तर वरच्या धरणांतून किती टीएमसी सोडायचं, यावर दर दोन-तीन वर्षांनी रस्ते अडतात, याचिका होतात. मी त्या भांडणाला क्षुल्लक म्हणत नाही. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येण्याचा अनुभव या शहराने घेतलेला आहे आणि हंडे भरताना बायांच्या कमरा मोडलेल्या आहेत. पण या सगळ्या भांडणात नदीकडे पाणी नेणारा पाट म्हणून बघितलं जातं. पाटाला पाणी लागत नाही, त्यातून फक्त पाणी जातं. नदीला स्वतःला पाणी लागतं.

हे काही माझं काव्य नाही. 2012 च्या राष्ट्रीय जलनीतीत लिहिलंय की नदीच्या प्रवाहाचा काही भाग तिच्या पर्यावरणीय गरजांसाठी बाजूला ठेवावा. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्राने गंगेसाठी अधिसूचना काढली. हरिद्वारपर्यंतच्या वरच्या गंगेत नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या 20 टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत 25 टक्के, आणि जून ते सप्टेंबर 30 टक्के पाणी नदीत राहिलंच पाहिजे. धरणवाला असो की वीजवाला, एवढं सोडावंच लागेल. गोदावरीला आपण दक्षिणगंगा म्हणतो. तिच्यासाठी अशी अधिसूचना निघालेली नाही. नाशिकच्या कुंभमेळ्यासाठी घाट बांधले जातील, पाणी सोडलं जाईल, रामकुंड भरेल. पर्वणी संपल्यावर कोपरगावच्या पात्रात काय उरणार, हेही त्याच बैठकांमध्ये ठरायला हवं.

वर, नांदूर मधमेश्वरच्या जलाशयाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा 2020 मध्ये जाहीर झाला. महाराष्ट्रातली ती पहिली रामसर जागा. पक्षी बघायला लोक लांबून येतात, आणि यावेत. पण तिथला करकोचा आणि चमचा खातात काय? मासा, बेडूक, पाण्यातले किडे. त्या जलाशयापासून काही कोसांवर खाली तीच नदी कोरडी असेल, तर आपण पाखरांच्या ताटाचा अर्धा भाग आधीच उचलून घेतलेला आहे.

काय करता येईल, तेही सांगतो. नुसती तक्रार करून उठून जाणं मला पटत नाही.

एक डोह राखा. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीच्या नावाने तिथले महाशीर गावाने राखले आहेत, कुणी गळ टाकत नाही, येणारी माणसं कुरमुरे टाकून मासे बघतात. वाड्याजवळ टिळसेश्वराच्या देवळापाशी वैतरणेचा डोह असाच राखलेला आहे. देहूला इंद्रायणीतल्या माशांना वारकरी हात लावत नाहीत. पोलीस नाही, कुंपण नाही, गावाचा शब्द आहे. कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचं देऊळ आहे, कच-देवयानीची कथा इथली मानली जाते, यात्रेला हजारो माणसं येतात. त्या बेटालगतचा एक डोह, बारमाही पाणी राहील असा, गावाने देवाच्या नावाने राखून ठेवावा. त्यात मासा मारायचा नाही, वाळू काढायची नाही, निर्माल्य टाकायचं नाही. उन्हाळ्यात तिथे जगलेली मोजकी जोडपी पुढच्या पावसात अख्खा पट्टा भरून काढतात.

चढणीचे पहिले दिवस बंधाऱ्यांच्या दारांशी जाळी लावायची नाहीत, हा ठराव नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी घ्यावा. इथे भोई समाजाचा प्रश्न येतो, आणि तो आधी सोडवावा लागेल. ज्याचं पोट नदीवर आहे त्याला उपदेश करून घरी बसवणं हा अन्याय आहे. समुद्रावर बंदीचे दिवस सगळ्या यांत्रिक बोटींना सारखे असतात म्हणून ते पाळले जातात. इथेही बाहेरून जीप घेऊन येणाऱ्या जाळीवाल्यांना आधी रोखा. आणि हौसेने गळ टाकणाऱ्यांकडून परवान्याची फी घ्या. मुंबईत पवई तलावावर गळवाल्यांची संघटना कित्येक दशकं सभासदत्वाचे आणि माशांचे नियम पाळत आली आहे. काश्मीरमध्ये ट्राउटच्या नदीचे टप्पे पाडलेले असतात आणि एका परवान्यावर दिवसाला सहा मासे, सातवा नाही. कोपरगावात अशी फी आली तर ती मच्छीमार सोसायटीच्या खात्यात जावी, आणि डोहाची राखण पगार देऊन भोयांनाच सोपवावी. नदी त्यांच्याइतकी कुणाला कळत नाही. साइक्सच्या वेळेला जे त्यांना मिळालं नाही, ते आता मिळावं.

हौशी गळवाल्यांसाठी दोन शब्द. चैत्रात गळ टाकायचाच असेल तर पहाटे, ऊन तापायच्या आत टाका. हूकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे मासा न फाटता सुटतो. हात आधी ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याला बुरशी लागते. फोटोसाठी त्याला वाळूत लोळवू नका. आणि दगड उलटून बघायची सवय लावा. खाली वळवळणारे कीटक दिसले तर मुलांना दाखवा. नाही दिसले तर तेही दाखवा.

राहिला मुख्य मुद्दा, पाण्याचा. उन्हाळी आवर्तन कधी, किती दिवसांचं, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. पालकमंत्री येतात, आमदार येतात, पाणीवापर संस्थांचे अध्यक्ष येतात, इंजिनिअर आकडे वाचतात. डाव्या कालव्याला किती क्युसेक, उजव्याला किती, पिण्यासाठी किती, बाष्पीभवनात किती. सूर्यालाही त्या कागदावर एक रकाना आहे. पुढच्या बैठकीला तुमच्या गावचा जो कुणी जाणार असेल, त्याला आज संध्याकाळीच गाठा आणि एवढाच प्रश्न विचारायला सांगा: नदीच्या पात्रासाठी किती? उत्तर येईपर्यंत खाली बसू नकोस, असंही सांगा.